काचेखालचं कार्ड

४ जून
डोळ्याचं ऑपरेशन लांबणीवर! इस्पितळातल्या विमा खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमच्या दोघांच्या पॉलिसीत यंदा काही उरलंच नाही. साहेबांच्या गुडघ्यांत संपलं." कुठल्या गुडघ्यांत? साहेब माझ्या शेजारी धडधाकट उभे, तेही तीन जिने चढून!

५ जून
विमा कंपनीचा फोन. फेब्रुवारीत कुठल्याशा लांबच्या इस्पितळात ह्यांच्या नावावर कुणीतरी दोन्ही गुडघे बदलून घेतले. वर मधुमेहही नोंदवलाय. मी लगेच ह्यांच्या चहातली साखर बंद केली.
"अगं, तो मधुमेह त्या चोराचा!"
"कागदावर नाव तुमचं आहे."
स्वारी रुसली.
हसले खरी, पण भीती वाटते. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसतच नाही. ऑपरेशन झालं नाही तर ही वहीसुद्धा बंद.

७ जून
कार्डाचा नंबर बाहेर गेला कसा? ह्यांच्याकडून? शक्यच नाही! तीस वर्षं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकाची बिघडलेली प्रत फाडून निम्मे तुकडे एका डब्यात, निम्मे दुसऱ्यात. फोनवर कुणी जन्मतारीख विचारली तर म्हणतात, "आधी तुमची सांगा." मीही दुपारी तासभर बसते दुकानात, पण मला मेलीला स्टेपलरलाही हात लावायची परवानगी नाही.

९ जून
सापडलं! धाकटी लेक दुकानात डबा द्यायला गेली, तिने पाहिलं. काउंटरच्या काचेखाली, लॅमिनेशनचा नमुना म्हणून — ह्यांच्याच विमा कार्डाची रंगीत प्रत! नाव, नंबर, जन्मतारीख, सगळं चकचकीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने मोबाइलवर फोटो काढावा आणि चालू पडावं.
"बाबा, चोराची केवढी सोय केलीत! भिजायची पण भीती नाही."
मला हसू आवरेना. दुकानातला खरा नमुना काचेच्या वर उभा असतो म्हटलं. हे नुसते "चुकलं" म्हणाले आणि जेवायला बसले.

१२ जून
पोलिसांत तक्रार दिली, कंपनीला पत्र दिलं. जुना नंबर बंद, नवा मिळणार. चौकशीला माणूस घरी आला. "ते कार्ड तिथे कुणी लावलं?"
"मी," हे पटकन म्हणाले.
"आणि तीस वर्षांचा अनुभव!" मी आतून ओरडले. तो माणूसही हसला. हे मात्र हसले नाहीत.

१८ जून
मंजूर! गुडघे ह्यांच्या नावावरून उतरले. मधुमेहही गेला. शुक्रवारी डोळा.

२४ जून
पट्टी निघाली. केवढं दिसतंय! ह्यांच्या कानांतले केससुद्धा. बिचाऱ्यांना लगेच सांगितलं.
पोलिसांना आता लेखी हवंय, कार्ड काचेखाली कधीपासून होतं. हे म्हणतात, आठवत नाही. म्हटलं, माझ्या वह्या कशाला आहेत? उद्या बघते. "राहू दे गं," म्हणाले. दोनदा म्हणाले.

२५ जून
सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत, माझ्याच अक्षरात: "विम्याचं कार्ड आलं. फोटोत काय देखणे दिसतात हे! रंगीत प्रत काढून काचेखाली लावून टाकली. हे नको नको म्हणत होते. मी ऐकते होय!"