सुरात आणलेला हंबरडा

मी, गोरक्ष भिमाजी बडे, वय पंचाहत्तर, लष्करातून निवृत्त बँड हवालदार, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, आज सकाळी माझ्याच घराच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कान शाबूत आहेत. समोरच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की मालकाच्या आधी मला कळते. मला कोणी फितवलेले नाही, की धाक घातलेला नाही. माझ्यावर दबाव आणण्याएवढी हिंमत या घरात कोणात असती, तर हे लिहिण्याची वेळच आली नसती.

कलम १. भिंगार येथील दोन खोल्या, ओटा, गच्ची व मागची मोरी ही मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. ती माझ्या पश्चात माझी थोरली सून सुरेखा, माझ्या मयत मुलाची, रामची, विधवा, हिला मिळावी. सुरेखाने माझी फार सेवा केली असे नाही. ती वेळेवर भाकरी देते आणि माझ्याशी कमीत कमी बोलते. दोन्ही गोष्टींबद्दल मी समाधानी आहे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात संस्कृती, रामची मुलगी, हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. यातून लग्नाचा खर्च करू नये. लग्नात बँड लावायचाच झाला तर स्वतःच्या पैशाने लावावा, आणि वाजवणाऱ्यांना आधी जेवू घालावे. निवृत्तीनंतर अकरा वर्षे मी नगरच्या वरातींतून उपाशीपोटी वाजवले आहे.

कलम ३. पाथर्डी तालुक्यातील गावची जमीन वडिलोपार्जित आहे. तिच्यातला धाकट्या मुलाचा, सुनीलचा, हिस्सा मला तोडता येत नाही असे वकील म्हणाले. मी दोनदा विचारले. असो. सगळा माळ आहे, कुसळांशिवाय काही येत नाही. माझे आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला का जात, ते सुनीलला तिथे उभे राहिल्यावर समजेल.

कलम ४. वरील हिस्सा सोडता, सुनील गोरक्ष बडे, वय एक्केचाळीस, राहणार पुणे, यास मी काहीही देत नाही. भांडे नाही, कपडा नाही, फोटो नाही. कारण लिहिण्याची गरज नाही असेही वकिलांचे मत पडले. पण कारण न लिहिता मेलो तर लोक म्हणतील म्हातारा शेवटी भ्रमला. म्हणून लिहितो.

सुनील पुण्यात सिनेमांच्या ट्रेलरचे संगीत करतो. सिनेमाचे नव्हे, ट्रेलरचे. हा निराळा धंदा आहे हे मला त्याच्याकडूनच कळले. मोठ्या संगीतकाराने केलेली गाणी वेगळी. सिनेमा यायच्या महिनाभर आधी जी दोन मिनिटांची जाहिरात लागते, तिच्यामागचा गडगडाट करणारी माणसे वेगळी. त्यांचे नाव पडद्यावर येत नाही. येऊही नये.

त्याने केलेले वीस-पंचवीस ट्रेलर मी ऐकले आहेत. सगळ्यांचा साचा एक. आधी पियानोचा एकच स्वर, नळ गळावा तसा. मग शांतता. मग दणका. मग घड्याळाची टिकटिक, तिच्यामागून ढोल, ढोल वाढत वाढत जातात, एकदम थांबतात, नायक एक वाक्य बोलतो, आणि पुन्हा दणका. प्रेमाचा सिनेमा असो की खुनाचा, हेच. मी त्याला म्हणालो, "यात संगीत कुठंय? मागून येऊन कानाशी डबा वाजवायचा, त्यातली ही गत."

तो म्हणाला, "आबा, माणसाचं बोट मोबाईलवर असतं. ते सरकायच्या आत त्याला धरायचं. दोन मिनिटांत दुसरं काय होणार?"

मी लष्करात सुरुवातीला बिगुल वाजवत असे, क्लॅरोनेट नंतर हातात आले. शहीद जवानाला निरोप देताना बिगुलावर वाजते ती धूनही साधारण दोन मिनिटांचीच. ती मी एकतीस वेळा वाजवली. एकाही आईला दणका द्यावा लागला नाही. हे मी सुनीलला सांगितले, तेव्हा तो हसला. बापाला हसावे, हरकत नाही. मीही माझ्या बापाला हसलो होतो. कोयता सोडून पोरगा पिपाणी वाजवायला निघाला म्हणून तो रडत होता, आणि मी हसत होतो.

आता मूळ गोष्ट. मे २०१९ मध्ये सुनील आठ दिवसांसाठी घरी आला होता. त्याच्या हातात कायम चष्म्याच्या डबीएवढा रेकॉर्डर असे. बाजारातली ओरड, नागापूरच्या कारखान्यांचे भोंगे, माझे क्लॅरोनेट, काय वाटेल ते तो भरून घेई. त्याच आठवड्यात आमचा राम राहुरीहून मोटारसायकलवर येत असताना मनमाड रस्त्यावर ट्रकखाली गेला. दुपारी त्याला घरी आणले. माझी पत्नी लंकाबाई हातातले पीठ तसेच घेऊन दारात आली, तिने पांढरे कापड पाहिले आणि हंबरडा फोडला. तो भिंगारच्या बाजारापर्यंत ऐकू गेला, असे नंतर लोक म्हणाले.

तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुमारास, सुनीलने आम्हाला सर्वांना नगरच्या थिएटरात नेले. दुपारचा खेळ होता. "सिनेमा कसाही असू दे," तो म्हणाला, "त्याच्याआधी माझा ट्रेलर लागणार आहे. एवढ्या मोठ्या आवाजात तुम्ही माझं काम कधी ऐकलं नाही." लंकाबाईने जरीकाठाची साडी नेसली. पोराचे काम पाहायला जायचे होते ना.

ट्रेलर लागला. पियानो, शांतता, दणका, टिकटिक, ढोल. ढोल थांबले. आणि त्या काळोखात, चारही भिंतींतून, माझ्या बायकोचा हंबरडा आला. पडद्यावर कोणी नटी पावसात केस मोकळे सोडून धावत होती. मागच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या. एक जण ओरडला, "लई भारी!" संस्कृतीने आजीचा हात धरला. लंकाबाई रडली नाही, ओरडली नाही. उठली आणि पायऱ्या चाचपडत बाहेर गेली. आम्ही मागोमाग गेलो.

बाहेर मोटारी लावतात तिथे ती उन्हात उभी होती. सुनीलला म्हणाली, "त्यो माजा आवाज हाय."

"आई, तसं नाही गं. तो फक्त..."

"रामला आनलं तवाचा हाय."

सुनीलने माझ्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "मी त्याची पट्टी बदललीय, मागं अजून चार बायकांचे आवाज जोडलेत. मला वाटलं कुणाला ओळखू येणार नाही."

"लोकांस्नी न्हाई यायचं. मला बी न्हाई यायचं व्हय रं? माज्या पोटातनं आलाय त्यो."

तो म्हणाला, रेकॉर्डर चुकून चालू राहिला होता. सुतकात त्याला भानच नव्हते. पुढे कधीतरी ऐकला तेव्हा वाटले, हा आवाज वाया जाऊ नये. 'वाया' हा शब्द त्याचा आहे. मी माझ्या हस्ताक्षरात तो पुन्हा लिहितो, म्हणजे कोणी खोडू नये: वाया.

घरी आल्यावर मी त्याला मूळ रेकॉर्डिंग लावायला लावले. लंकाबाईला शेजारी पाठवून मी ते चार वेळा ऐकले. पन्नास वर्षे सूर ऐकण्यात गेली आहेत, मला फसवता येत नाही. सुरुवातीला हंबरडा लांबून येतो. मग जवळ येत जातो. शेवटी इतका जवळ, की तिच्या छातीतली घरघर ऐकू येते. चुकून चालू राहिलेला रेकॉर्डर चालत जात नाही. भावाचे प्रेत दारात असताना हा मुलगा हात पुढे धरून आईच्या तोंडापर्यंत गेला होता.

आणखी एक. मूळ आवाजात लंकाबाईचा सूर शेवटी घसरतो, फाटतो. ट्रेलरमध्ये तो सरळ आहे, काठीसारखा. आईचे रडणे बेसूर होते, म्हणून पोराने ते सुरात आणले.

निकालही देऊन टाकतो, कारण बँडमध्ये मी परीक्षक होतो आणि खोटा निकाल मी कधी दिला नाही. सुनीलच्या सगळ्या कामांत तो एकच तुकडा चांगला होता. त्यातली चांगली गोष्ट चोरीची होती.

कलम ५. हे कलम लंकाबाईविषयी आहे. तिच्या नावे काही नव्हते, म्हणून तिला स्वतःचे मृत्युपत्र करता आले नाही. त्या दुपारनंतर ती मोठ्याने कधीही रडली नाही. तिची सख्खी बहीण रंगुबाई गेली तेव्हा ही पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली. माहेरच्या बायका म्हणाल्या, लंकीचं काळीज धोंड्याचं झालं. परतताना एसटीत मी विचारले, तर म्हणाली, "कुनाच्या हातात काय आसंल, काय सांगावं?"

मग तिला पोटाचा कर्करोग निघाला. ज्या दवाखान्यात ठेवले तिथे शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर ओरडे आणि तिला इंजेक्शन मिळे. लंकाबाई ओरडत नसे. डॉक्टर येत, विचारत, "आजी, सोसतंय ना?" ती मान हलवी. ते पुढच्या खाटेकडे जात. दुखत असलेल्या माणसाचा आवाज निघतो, एवढेच त्यांना ठाऊक. मी दोनदा जाऊन भांडलो. तिसऱ्यांदा तिनेच मला थांबवले.

सुनील भेटायला आला तेव्हा तिने त्याला खाटेपासून दोन हातांवर उभे केले. "आदी खिसं दाव," म्हणाली. चाळीस वर्षांच्या पोराने दवाखान्यात आईसमोर पँटचे खिसे उलटे करून दाखवले. शर्टाच्या खिशात मोबाईल होता. "त्यो भाईर ठिवून ये." तो बाहेर ठेवून आला. तोवर तिने डोळे मिटून घेतले होते. ती जागी होती, मला माहीत आहे. मी त्याला सांगितले नाही.

४ मार्च २०२४ रोजी ती गेली. काही आवाज झाला नाही.

कलम ६. अंत्यविधी. मला अग्नी संस्कृतीने द्यावा. बँड नको, बिगुल नको, भोंग्यावर भजन नको. सुनीलला यायचे असेल तर येऊ द्यावे, लोकांसारखे लोकांत उभे राहावे. माझा जुना सोबती अजिनाथ पालवे, जो आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवत असे, त्यास मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. त्याने दारातच सुनीलचा मोबाईल काढून घ्यावा. सुनील कुरकुरला तर अजिनाथने कोणत्याही वादाशिवाय त्याला परत पाठवावे. अजिनाथचा हात अजून जड आहे.

कलम ७. माझ्या वाजवण्याच्या कॅसेट. तीस वर्षांच्या, दोन ट्रंका होत्या. त्या कोणालाही देता येणार नाहीत, कारण त्या नाहीत. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सुनील आला आणि म्हणाला, "आबा, काहीच नको मला. घर वहिनीला द्या. फक्त तुमच्या कॅसेट द्या. त्या विकणार नाही, कुठं वापरणार नाही. मला ऐकायच्यात."

मी त्याला ट्रंका गच्चीवर न्यायला लावल्या. त्याला वाटले उन्हात पुसून द्यायच्या आहेत. मी रॉकेल ओतले. सुरेखा धावत वर आली. "मामा, बास करा आता," ती म्हणाली, "किती छळणार? त्यानी चूक कबूल केलीय ना." मी काडी ओढली. सुनील आगीत हात घालू लागला तेव्हा सुरेखाने त्याला मागे खेचले. मग तो तिथेच फरशीवर बसला आणि गुरासारखा रडला.

हे मृत्युपत्र आहे, मेल्यावर वाचले जाईल, म्हणून लिहितो. जिवंतपणी कोणाला सांगितले नाही. सुनील रडत होता तेव्हा मी त्याचा स्वर ओळखला. पट्टी काळी दोन, कोमल धैवत, शेवटी थोडा उतरलेला. हुबेहूब आईचा. आणि तो बरोबर ओळखला याचे मला क्षणभर बरे वाटले. रामला दारात आणले होते त्या दुपारीही, लंकाबाईने तोंड उघडल्याबरोबर, माझ्या मनात पहिल्यांदा राम आला नव्हता. धैवत आला होता. सुनीलच्या हातात रेकॉर्डर होता. माझ्या हातात नव्हता, एवढाच काय तो फरक. त्याला हा कान मी दिला. लहानपणी चुकीचा स्वर सांगितला की मी त्याला उपाशी ठेवत असे.

हे लिहून झाल्यावर कलम ४ पुन्हा वाचले. ते बदलावे असे मनात आले. बदलत नाही.

ठिकाण : भिंगार
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
लिहून ठेवणार : गोरक्ष भिमाजी बडे (सही)

साक्षीदार :
१. सहादेव काशिनाथ वाघ, पिठाच्या गिरणीचे मालक, भिंगार (सही)
२. डॉ. कल्याण म्हस्के, भिंगार (सही). यांस तपासले असता पूर्ण शुद्धीवर आढळले.

वरील मजकूर लिहून ठेवणार यांनी आम्हा दोघांस मोठ्याने वाचून दाखवला. कलम ७ वाचताना ते दोनदा थांबले. सहीच्या आधी सहादेव वाघ यांनी विचारले, "हवालदार, ह्यातलं काय खोडायचं हाय का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटले व आम्हा दोघांसमक्ष सही केली.