रीमची बशी

बुधवार, ११ डिसेंबर २०२४. बिन महमूद वस्ती, आखात.

सीरियातली जुलमी राजवट कोसळली म्हणून शेजारची सीरियन रीम रविवारी हसत हसत बशीभर बकलावा, त्यांची मिठाई, देऊन गेली. आज लिफ्टमध्ये भेटली तर डोळे सुजलेले. तिचा भाऊ इतकी वर्षं तिकडच्या तुरुंगात. तुरुंग उघडले, पण सुटलेल्यांत तो नाही.

"सापडेल, इन्शाल्ला," मी म्हणाले.

"आता कुठे शोधू? सगळी दारं तर उघडली."

बशी रिकामी कशी परत करू? हे म्हणतात, "शिरा कर. आनंदाचीच गोष्ट आहे ना?" आहे का? आपल्याकडे दुःखाच्या घरी पिठलं-भात नेतात. पण तो नेला, तर तिचा भाऊ गेला हे मीच ठरवल्यासारखं!

रवा भाजून ठेवलाय. बेसनही काढलंय. बशी ओट्यावरच.