बावीस मग पाणी

३ फेब्रुवारी, पहाटे ५.१०
आजपासून पुस्तक. रोज एक प्रकरण. शेजारचे चंद्रभानकाका, एकाहत्तरची लढाई, वाळवंटात बंद पडलेली गाडी, सात जवान. सात दिवसांनी सुटका, सहाच परतले. बाकीचे लेखक अशा गोष्टी रडत लिहितात. "फार तहान लागली" म्हटल्याने काही होत नाही; मिलिलिटर सांगितले की वाचकाचा घसा कोरडा पडतो. हे मला कोणत्याही कॉलेजने शिकवलेलं नाही.

७ फेब्रुवारी
प्रकरणं शून्य. पण रात्रीच्या थंडीचा तक्ता अप्रतिम. काकांनी पाहिला. म्हणाले, "याच्यात तानबा कुठी आहे?" तानबा आष्टीचा, न परतलेला तोच. म्हटलं, आहे ना, रकाना चार.

१२ फेब्रुवारी
काकांचा फौजी मग आणला. कफ सिरपच्या मापाने चाळीस वेळा पाणी ओतलं. बरोबर ४०० मिली. बायको, रक्षा, म्हणाली, "आता दुकान उघडा न, दोन गिऱ्हाईकं वापस गेले." तिला संशोधन कळत नाही.

१३ फेब्रुवारी
सापडलं! गाडीतला पाण्याचा कॅन वीस लिटरचा, म्हणजे पन्नास मग. माणशी रोज एक. काका म्हणतात, पाणी चौथ्या दिवशी संपलं. सात चोक अठ्ठावीस. बाकी बावीस मग गेले कुठे? उद्या विचारतो. खूश होतील.

१४ फेब्रुवारी
खूश झाले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "कॅन माह्या ताब्यात होता. वाटे, महिनाभर कोनी येत नाई. भेव वाटलं. संपलं म्हणलं, अन् वाळूत गाडला. मी बी नाई पेलो. तानबा जखमी. सहाव्या दिवशी पानी मांगत मांगत गेला."
सगळं शब्दशः उतरवलं. पद्धत यशस्वी.

१९ फेब्रुवारी
काकांची बायको, रुख्माकाकू, दारात. "भाऊ, काय इचारलं तुमी त्यायले? पान्याचा गिलास पाह्यला का उठून जाते. झोपेत आकडे मोजून राह्यले."
प्रस्तावनेत काकूंचे आभार मानायचे. आज लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी
काका सावंगीच्या दवाखान्यात भरती. अंगातलं पाणी फार कमी झालंय. किती टक्के, ते मी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी
काकांनीच बोलावलं. सलाइन चालू होतं. माझा हात धरला. "भाऊ, तुमाले हिशेब येते. येक सांगा. मी लपवलं नसतं, तं सातही जनाले सातही दिवस पुरलं असतं का?"
सात साते एकोणपन्नास. कॅनमध्ये पन्नास.
म्हटलं, काका, माझं गणित कच्चं आहे. दहावीत त्यातच नापास झालो. हे आजवर रक्षालाही सांगितलेलं नाही.