सोडा की तोडा

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या की तुम्ही जिना चढताना कुरकुर करता आणि उतरताना दुसऱ्यांना कुरकुर करू नका म्हणून सांगता, त्यावरून तब्येत सुधारते आहे असं आम्ही धरून चाललो आहोत. मामींनाही नमस्कार. त्यांनी पाठवलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण ही म्हणते की चूक स्वेटरची नाही. इकडे सगळे मजेत आहेत. मुलं मजेत, ही मजेत, मांजरही मजेत. मी तेवढा मजेत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असणार. तुमच्या देशाने तो गोल तीन बाजूंनी दाखवला आणि वर एकदा सावकाश दाखवला. (सावकाश दाखवला की मी जास्त जाड दिसतो, हे मला नव्हतं माहीत.)

पत्र लिहायचं कारण एवढंच, की मी फुटबॉल सोडलं. कायमचं सोडलं. लहानपणी मला पहिला चेंडू तुम्ही आणून दिलात, तेव्हा ही बातमी तुम्हाला बाहेरून कळणं बरं दिसलं नसतं. बाकी काही मागणं नाही.

तुम्ही तरुणपणीच मोठ्या देशात गेलात, त्यामुळे लहान देश फुटबॉलमध्ये का हरतात हे आता तुमच्या लक्षात नसेल. इथे ती कारणं पोराटोरांना पाठ आहेत. माणसं कमी, मैदान एकच, तेही उताराचं, आणि सराव करायचा तर सगळ्यांच्या पाळ्या सुटल्यावर. मोठे देश अकरा जण निवडतात, आम्ही अकरा जण गोळा करतो. हे सगळं खरंच आहे. पण मी आत उतरून खेळलेला माणूस म्हणून सांगतो, आमचं खरं दुखणं नातेवाईक. आमचे प्रशिक्षक म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. उजवीकडून धावणारा गडी त्यांचा जावई. आता जावयाला मैदानाबाहेर काढायचं कसं? एकदा काढला होता, तर मास्तरांची मुलगी बॅगा घेऊन माहेरी आली आणि पुढच्या सामन्यापर्यंत राहिली. तेव्हापासून जावईबापू लंगडत असले तरी शिट्टी होईपर्यंत खेळतात, आणि कॉर्नर मारायचा मान त्यांचाच.

माझी गोष्ट आणखी अवघड. आमचा गोलरक्षक हा माझा सख्खा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, बेकरीवाला. तुमच्याकडचा गोलरक्षक बचावाच्या गड्याला सरळ ‘सोड’ म्हणून ओरडतो, म्हणजे चेंडू मी घेतो, तू मध्ये पडू नको. आमचा गोलरक्षक मला एकेरीत कसा ओरडणार? तो ‘दाजी, सोडा’ असं म्हणतो. ‘दाजी’ म्हणून होईपर्यंत चेंडू निम्म्या वाटेवर आलेला असतो. (एकदा सरावात त्याने नुसतं ‘सोड’ म्हणून पाहिलं. ते कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं, आणि त्या आठवड्यात त्याला दोनदा आमच्याकडे केक घेऊन यावं लागलं.)

त्या दिवशी मात्र आम्ही हरत नव्हतो. हे तुम्हाला टीव्हीवर नीट कळलं नसेल म्हणून सांगतो. वेळ संपत आली होती, दोन्हीकडे शून्य, आणि तुमचे ते लाखमोलाचे खेळाडू एकमेकांकडे हात उडवून बघत होते. कुठल्याही मोठ्या देशाशी आम्ही आजवर बरोबरी केलेली नाही. मास्तर कडेला उभे राहून उजव्या पायाने जमिनीवर ब्रेक दाबत होते (शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचा पाय तसाच झाला आहे). अशात डावीकडून एक चेंडू आला. चेंडू कसला, रविवारी दुपारी फिरायला निघाल्यासारखा आला. मागून मेहुणा ओरडला. मला ऐकू आलं, ‘दाजी, तोडा’. तोडा म्हणजे पुढे व्हा आणि मारून लांब घालवा. मी पुढे झालो आणि तोडला. तो लांब गेला नाही. मेहुण्याच्या बगलेखालून आमच्याच जाळ्यात गेला. इतका नेमका फटका माझ्या पायातून आधी कधी निघाला नव्हता.

मेहुणा म्हणाला, मी ‘सोडा’ म्हणालो. मी म्हणालो, तू ‘तोडा’ म्हणालास. सामना संपला, दिवे गेले, तुमचे खेळाडू बसमध्ये बसले, तरी आमचं चालूच होतं. (बाजारात तिसरा एक पक्ष आहे. त्यांच्या मते तो बेकरीतल्या सोड्याबद्दल बोलत होता.) शेवटी तो म्हणाला, दाजी, तुम्हाला ऐकायचंच नव्हतं. मी म्हणालो, तुला नीट बोलता येत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. ही कुणाच्या बाजूची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरात पाव येईनासा झाला एवढं खरं, आणि त्याबद्दल ती माझ्याकडे बघायची.

आता मोठ्या देशात असा गोल करणारा माणूस काळ्या काचांच्या गाडीतून घरी जातो आणि उंच भिंतीआड बसून राहतो. माझं काम तुम्हाला माहीत आहे. सामन्यानंतर पहिल्याच सकाळी मी वीज खात्याची पिशवी खांद्याला लावून घरोघरचे मीटर वाचायला निघालो. मामा, मीटर बसवणाऱ्याने ही योजना कुणासाठी केली असेल देव जाणे. जिन्याखाली, मोरीच्या दाराआड, चपलांच्या कपाटावर, म्हणजे जिथून माणसाला पटकन निघता येत नाही अशाच जागी मीटर असतो. मी स्टुलावर चढून आकडे टिपतोय आणि खाली घरमालक उभा राहून मला समजावतोय, असं आख्ख्या गावभर झालं. शिंप्याने खडूने कापडावर रेघ मारून माझा पाय कुठे हवा होता ते दाखवलं. (कापड दुसऱ्या कुणाचं तरी होतं.) एका गृहस्थांनी सगळा दोष हवेला दिला, तर त्यांच्या शेजाऱ्यांनी माझ्या पोटाला. एका घरी तर सगळं कुटुंब बोळात जमलं. आजोबा गोलरक्षक झाले, सूनबाई तुमच्याकडच्या खेळाडू झाल्या, मला माझ्याच जागी उभं केलं आणि तो प्रसंग पुन्हा करून पाहिला. तिथेही गोल झाला.

कुणी वाईट बोललं नाही हो. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन ऐकवल्या असत्या. सगळे प्रेमाने सांगत होते, आणि प्रेमाने सांगणाऱ्यासमोर माणूस स्टुलावर नुसता उभा राहतो. तेव्हा मला कळलं की आमच्या संघाचे पाय मैदानात जड का होतात. चेंडू आला की आमच्या गड्याला समोरचा खेळाडू दिसतच नाही. त्याला दिसतो उद्याचा न्हावी, परवाची सासुरवाडी आणि आयुष्यभराचे शेजारी.

नदीकडच्या गल्लीत टोकाला आपल्या सुईणबाई राहतात. तुम्हाला आठवत असतील, आमचा अर्धा संघ त्यांच्याच हातचा. आता त्यांना नीट दिसत नाही. दार उघडून त्यांनी माझा आवाज ओळखला, हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “अरे, काल रेडिओवर ऐकलं. आख्ख्या सामन्यात एकच गोल झाला म्हणे, आणि तो तू केलास.”

मी हो म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

“तू पायाळू ना. तुला पायांकडून ओढला तेव्हाच तुझ्या आईला सांगितलं होतं मी, या पायांत काहीतरी आहे म्हणून.” असं म्हणून त्यांनी चहा केला, बिस्किटांचा नवा पुडा फोडला, आणि मी खात असताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बाहेर आल्यावर पुढचं घर तसंच ठेवून मी नदीच्या कठड्यावर जरा वेळ बसलो. तिथेच ठरवलं की आता थांबायचं. एवढं कौतुक पुन्हा मिळणार नव्हतं, आणि हे तरी घेऊन निघावं.

राहता राहिली मेहुण्याची बेकरी. तिचा मीटर मी पुढे ढकलत ढकलत अगदी शेवटावर आणला होता. गेलो तेव्हा पीठ मळायचं यंत्र धडधडत होतं आणि तो पाठमोरा उभा होता. त्याचा मीटर मागच्या भिंतीवर, पावांच्या ट्रे ठेवायच्या उंच मांडणीच्या वर. मी न बोलता स्टूल ओढलं, एका हाताने मांडणी धरली आणि दुसऱ्या हाताने मीटरच्या पेटीची कडी उघडायला लागलो. कडी अडकली होती. इतक्यात मागून हाक आली, “दाजी, तोडा.”

त्यालाही घाई असेल असं समजून मी कडी तोडली. कडी तुटली, माझा तोल गेला, आणि धरलेली मांडणी माझ्याबरोबर खाली आली. मला लागलं काही नाही, कारण मी पावांवर पडलो. यंत्र बंद करून तो धावत आला. त्याने मला उठवलं, अंगावरचे पाव झटकले. मग ॲप्रनच्या खिशातून पुढच्या दातांची कवळी काढली, तोंडात बसवली आणि स्वच्छ शब्दांत म्हणाला, “मांडणी सोडा म्हणत होतो मी.”

(त्याचे पुढचे दोन दात एका सामन्यात गोलखांबाला लागून गेले, ते तुम्हाला माहीत असेल. काम करताना पीठ अडकतं म्हणून तो कवळी काढून ठेवतो.)

आम्ही दोघं पावांच्या ढिगात उभे राहून एकमेकांकडे बघत राहिलो. त्याने कवळी जिभेने इकडेतिकडे हलवून पाहिली. मग म्हणाला, “दाजी, दात नसले की असंच होतं माझं. सामन्यातही काढूनच ठेवतो ना मी. तुम्हाला ‘तोडा’च ऐकू आलं असणार.” मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी त्याला मिठी मारली आणि आम्ही दोघंही पांढरे झालो. त्या संध्याकाळी घरी चेपलेले पाव भरपूर आले आणि हिने ते एक शब्दही न बोलता खाल्ले.

तर असा सगळा प्रकार झाला. म्हणून मन शांत ठेवून, कुणावर राग न धरता मी खेळ सोडला आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. गुडघ्याला ऊब द्या.

तुमचा लाडका भाचा

ता. क. हे लिहून पाकीट शोधत होतो तेवढ्यात दाराशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी थांबली. मी मास्तरांना माझा निर्णय स्पष्ट सांगितला. ते म्हणाले, तुमच्याऐवजी घ्यायला दुसरा माणूस असता तर तुम्हाला आधीच कशाला घेतलं असतं. तर परतीचा सामना पुढच्या महिन्यात तुमच्याच शहरात आहे. हॉटेलची सोय होणार होती ती आता होत नाही असं कळतं. मास्तर धरून आम्ही चौदा जण आहोत. तुमचा हॉल फार मोठा आहे असं मामी नेहमी म्हणतात. गाद्या आम्ही उसन्या आणू, फक्त जावईबापूंना स्वतंत्र खोली लागेल. ते मागणार नाहीत, पण मास्तरांची झोप उडेल. मामींना एकदम चौदा सांगू नका. आधी भाचा येतोय एवढंच सांगा.

ता. क. २. मेहुण्याने आणि मी मिळून एक नवा शब्द ठरवला आहे. तो माझ्या मुलांचा मामा, म्हणून चेंडू त्याला हवा असेल तेव्हा तो नुसतं ‘मामा’ असं ओरडणार. दातांचा प्रश्न नाही आणि मानपानाचाही नाही. तुम्ही सामन्याला आलात आणि तशी हाक ऐकू आली तर उठून उभे राहू नका. मेहुणा झोपेत फार घोरतो, त्याला बाल्कनीत टाका.

ता. क. ३. पत्र हिने वाचायला घेतलं. दातांचा मजकूर आला तिथे थांबली आणि म्हणाली, त्या सामन्याला कुठे त्याने दात काढले होते? दर सामन्याला तो कवळी डबीत घालून हिच्याकडे देतो, ही ती पर्समध्ये ठेवते. त्या दिवशी तुमच्या देशाचे टीव्हीवाले आले होते म्हणून त्याने ती दिलीच नाही. सगळा सामना दात तोंडातच होते. म्हणजे त्या दिवशी तो स्वच्छ ‘सोडा’ म्हणाला होता. हिला मी विचारलं की मग त्या संध्याकाळी मी दातांचं सांगितलं तेव्हाच का बोलली नाहीस, तर म्हणाली, पाव यायला लागले होते ना.

मेहुण्याला मी यातलं काही कळू दिलेलं नाही, तुम्हीही देऊ नका. आणि त्याला बाल्कनीत नको. आतल्या खोलीतला तुमचा पलंग त्याला द्या.