लोणच्याच्या बरणीची लाल पट्टी

निगडी

प्रिय वर्षू,

फोन सोडून आजी पत्र का लिहितेय म्हणशील. फोनवर बोलायला लागले की तुझे आजोबा शेजारी येऊन कान देतात, म्हणून. चौथीची शाळा माझी, अक्षराला हसू नकोस.

एकाहत्तरच्या लढाईतला हवाई दलातल्या तुझ्या स्क्वाड्रनचा इतिहास तू लिहितेयस ना, त्याची पानं तुझ्या आईनं परवा वाचून दाखवली. मी मेथी निवडत होते. मेथी हल्ली निम्मी काड्याच असते बघ.

आपल्या लोणच्याच्या बरणीला बांधलेली लाल पट्टी आठवते? लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या ट्रंकेत सापडली, टोकाला लोखंडी पिन. चांगली मजबूत दिसली, बांधली बरणीला. ह्यांनी पाहिलं आणि बरणी उचलून फळीवर ठेवली. ती पट्टी कशाची ते कितीतरी वर्षांनी सांगितलं, लढाईत हे तुझ्याच स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक होते तेव्हाची. विमान उडायच्या आधी मेकॅनिकनं ती पिन काढून वैमानिकाला दाखवायची, विमान परत आलं की पुन्हा लावायची. ह्यांनी तयार केलेलं रविराजसाहेबांचं विमान परत आलंच न्हाई, पिन ह्यांच्या हातातच राहिली. साहेब पलीकडे कैद झाले, वर्षानं सुटले, पण हे भेटायला गेले न्हाईत. आपल्याच हातून एखादा नट ढिला राहिला असेल, हे मनात. त्यापायी पुढं कंपनीत तीस वर्षं प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला आणि घरात गॅसचं बटण तीनदा. मी म्हणायची, अहो, शेगडी हाय ती, उडून कुठं जाणार हाय!

आणि तुझ्या पानात साहेबांनीच सांगितलंय, की खालून तोफेचा गोळा लागला, तरी ज्योतीरामनं, म्हणजे ह्यांनीच, तयार केलेलं विमान शेवटपर्यंत माझं ऐकत होतं. ते वाक्य ह्यांनी तुझ्या आईकडून तीनदा वाचून घेतलं, गॅसच्या बटणासारखं. दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना गॅसकडे न बघताच चपला घातल्या. मीच मागं फिरून बघून आले!

पुढच्या महिन्यात तुमच्या मेळाव्याला साहेब येणार म्हणतेस. आज सकाळी ह्यांनी स्वतः पट्टी सोडली, पिन तेलानं पुसली आणि खिशात घालून बसलेत. तोंडानं ते कधी विचारायचे न्हाईत, म्हणून मी विचारते. आमी दोघं आलो तर चालेल का गं? साहेब परत आलेत, पिन तेवढी लावायची राहिलीय. बरणीला मी परकराची नाडी बांधलीय. पट्टीला हिंगाचा वास येतोय, तेवढं साहेबांना आधी सांगून ठेव.

तुझीच, तिकिटाची वाट बघणारी
सोजरआजी