पिकोचे नॅनो करताना

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
बायको जाऊन एकवीस दिवस झाले. आजपासून कामावर. मी ठीक आहे. लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारलं तर पुन्हा विचार करायला नको.

ठराव : लॅबचे कागद यापुढे घरी आणायचे नाहीत. इतकी वर्षं आणले ते तिच्यासाठी. विज्ञान शिकवून रिटायर झालेली बाई, तिला तपासायला काहीतरी लागायचं. मी कागद आणि पेन्सिल तिच्यासमोर ठेवून चहा करायला जायचो. चहा होईपर्यंत तपासून झालेलं असायचं. कधीतरी एखादं चुकलेलं शून्य सापडायचं तिला. ते मी मुद्दाम ठेवायचो. तिचा उत्साह टिकावा म्हणून.

३ मार्च, संध्याकाळी
सगळे हळू आवाजात बोलले. स्टोअरकीपरने माझा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरला. क्वालिटीच्या मॅडम (लॅबभर त्यांना टाचणी म्हणतात) फक्त म्हणाल्या, काम साचलंय. बरं वाटलं.

काम तेच. नाजूक सर्किट ज्या पिशव्यांत भरतात, त्या पिशव्या धातूच्या डब्यात टाकायच्या. पिशवीवर किती चार्ज साठलाय ते मीटर पिकोकूलोममध्ये दाखवतो. सर्टिफिकेटवर नॅनोकूलोम लिहायचे. हजाराने भागायचं, एवढंच. ०.१ नॅनोच्या वर गेलं की पिशवी नापास. खाली माझी सही. एकवीस वर्षं लॅबमध्ये सही फक्त माझी.

६ मार्च, गुरुवार
मीटरने ६४ पिको दाखवले, सर्टिफिकेटवर ०.६४ नॅनो गेलं. पास माल नापास होऊन ग्राहकाकडून परत आला. डोळ्यांत धूळ असावी. मीटरचा डिस्प्लेही बारीक आहे. तसं लेखी कळवलं.

मुलीचा फोन. जेवलात का, झोपलात का. दोन्हीला हो म्हटलं. माझ्याकडे राहायला या म्हणाली. म्हटलं, माझ्या सहीशिवाय इथे एक पिशवी हलत नाही.

१० मार्च, सोमवार
३४० पिको. मी ०.०३४ लिहिलं. या वेळी नापास माल पास झाला. गाडीत चढायच्या आधी टाचणीने अडवला. मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आणखी एक चूक झाली तर सही काढून घ्यावी लागेल, असं सांगितलं. वर म्हणाली, महिनाभर सुट्टी घ्या.

घरी बसून काय करू, हे तिने सांगितलं नाही.

ठराव : प्रत्येक आकडा तीनदा तपासणे.

१२ मार्च, बुधवार
प्रत्येक आकडा तीनदा तपासला. तिन्ही वेळा वेगळा आला. उद्यापासून एकदाच.

१४ मार्च, शुक्रवार
५२ पिकोचे ५२,००० नॅनो केले. भागायच्या जागी गुणलं. कोणाचंही होईल.

टाचणी सर्टिफिकेट हातात घेऊन म्हणाली, “काका, ही पिशवी नाही, विजेचा ढग आहे.” कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

एकवीस वर्षांचं रेकॉर्ड काढून बघा म्हटलं. एक चूक सापडली तर सांगा.

१८ मार्च, मंगळवार
तिने खरंच काढलं.

रेकॉर्ड रूममधून माझे सगळे जुने कच्चे कागद आणवले. टेबलावर पसरले. सर्टिफिकेटं सगळी बरोबर. कच्च्या कागदांवर मात्र जागोजागी पेन्सिल. दशांश चिन्ह खोडून सरकवलेलं, कुठे शून्य घातलेलं, कुठे अख्खा आकडा पुन्हा लिहिलेला. गेल्या एका वर्षात एकशे अठरा ठिकाणी. तिने मोजलं होतं.

“पेन्सिल कोणाची?”

माझी, म्हटलं.

“काका, तुमच्या सातावर आडवी रेघ नसते.”

ती खुर्चीत बसली. एरवी ती उभ्यानेच बोलते. मग विचारलं, “काकूंना यातलं कळत होतं?”

शिकवायची ती, एवढंच सांगितलं. एकशे अठरा चुका मी मुद्दाम ठेवलेल्या, हे तोंडापर्यंत आलं होतं.

सगळ्यात जुन्या कागदावर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : एकक मोठं, आकडा लहान. शाळेतल्या पोरांना लिहून देतात तसं. तो कागद मी नक्की पाहिला असणार.

१९ मार्च, बुधवार
सही गेली. टाचणीकडे गेली. मी फक्त डब्यात पिशवी टाकायची, आकडा लिहायचा. तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं नाही, एवढं तिचं मानतो. स्टोअरकीपरने पुन्हा हात धरला.

मुलीला सांगितलं, जबाबदारी मीच कमी करून घेतली. ती म्हणाली, “बाबा, आई सांगायची मला. तुम्हाला कळू देऊ नको म्हणायची.”

जेवलात का, हे आज विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४
ठराव मोडला. शुक्रवारचा कागद घरी आणला होता. चोवीस आकडे. एक तरी चुकलाय, कुठला ते दिसत नाही.

कागद तिच्या खुर्चीसमोर ठेवला. शेजारी पेन्सिल, टोक करून. चहा करायला गेलो. मुद्दाम जास्त उकळू दिला. घाई नको.

परत आलो. कागद होता तसाच.

उद्या टाचणी बघेल. ती पेन वापरते.