नेपाळच्या सहलीतली माझी जागा

स्वराजचे पप्पा,

पोरांच्या बॅगा भरून दारात ठेवल्यात. वाटेत खायला डब्यात धपाटे हैत. मी परतूरला माहेरी चालले, फोन करू नका.

धोंड्याच्या महिन्यात माझ्या बापानं जावयाला नेपाळची सहल दिली, आपल्या चौघांची, लेकरांना नदीत बोटीतून फिरवायची. त्यातली माझी जागा तुम्ही भाऊबीजेला वंदनाताईच्या ओवाळणीत टाकली. वर मला म्हणले, तुला पाण्याचं भ्या वाटतं, तू म्हशीजवळ थांब. पोरांना विहिरीत पोहायला मी शिकवलं. तुम्ही पायरीवर टॉवेल धरून बसायचे.

काल तिथल्या गाईडचा फोन आल्ता. लेकरांसोबत बोटीत बसणाऱ्या मोठ्या माणसाला पोहता आलं पाह्यजे म्हणला. पोहणारा म्हणून तुम्ही त्याला स्वतःचं नाव सांगून ठेवल्तं. तुम्हाला अन् ताईला पोहता येत नाही, हे खरं काय ते मी सांगितलं. मंग म्हणला, पोरं माझ्या बोटीत बसतील, बाकीच्यांनी काठावर थांबायचं.

म्हशीचं मी सासूबाईंना सांगितलंय. तिथं काठावर पोरांच्या चपला तुम्ही अन् ताई बराबर सांभाळा.

तृप्ती